नात्यांचा नकाशा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल गाडी शिवाजीनगर, खडकी आणि दापोडी ही स्थानके मागे टाकून कासारवाडीस येते. कासार म्हणजे बांगड्या भरणारा व तांब्यापितळेची भांडी विकणारा. त्याच्या नावाची ही वाडी आज पिंपरी-चिंचवड या औद्योगिक नगरीचा एक भाग आहे. १९५४ साली जवळच पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषधनिर्मितीच्या कारखान्याची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर तर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या बाजूंना कारखान्यांच्या रांगाच लागल्या, आणि पुढे त्या रांगा चाकणपर्यंत जाऊन पोहोचल्या. कामाच्या शोधात सोलापूर, लातूर, बीड, सातारा, जळगाव अशा कितीतरी जिल्ह्यांतून माणसे येथे आली, राहिली आणि येथलीच झाली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक भरली.

मुलांनो, या लाखो माणसांपैकी बहुतेकांनी येथे येताना पाठीमागे एक गाव सोडले आहे. गावात असताना नाती सांभाळण्यासाठी वेगळे असे काही करावे लागत नसे. चुलत्याचे घर भिंतीला भिंत लावून असे, आत्या पलीकडच्या आळीत दिलेली असे, आणि मामाचे गाव बैलगाडीच्या टप्प्यात असे. सुगी आली, जत्रा भरली, कोणाच्या घरी कार्य निघाले की सारी मंडळी आपोआप एकत्र येत. गाव सुटले म्हणजे हे ‘आपोआप’ संपते. कारखान्यात पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, रजा मोजकी, गावाकडे जाणाऱ्या गाडीचे भाडे दरवर्षी थोडे अधिकच. कोणी कोणाशी भांडत नाही, कोणी कोणाला टाकत नाही; तरी दहा वर्षांनी असे आढळते की, ज्या चुलतभावाबरोबर विहिरीत पोहावयास शिकलो, त्याच्या मुलांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

माणसांना ही काळजी आजच वाटू लागली आहे, असे नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांजवळ पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वह्या असतात. यात्रेकरूने आपले आडनाव आणि मूळ गाव सांगितले की, उपाध्याय नेमकी वही काढतात आणि त्याच्या आजोबा-पणजोबांनी येऊन केलेली नोंद, क्वचित त्यांची मोडी लिपीतील सही, त्याच्यापुढे ठेवतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात हेळवी नावाचे लोक बैलावर बसून गावोगाव हिंडत आणि दारात उभे राहून त्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवीत. त्याबद्दल त्यांना धान्य मिळे. कोणाची मुलगी कोणत्या गावी दिली, कोणता भाऊ गाव सोडून कोठे गेला, हे सारे त्यांच्या पोथीत असे.

वंशावळ ही मोलाची वस्तू खरी. पण तिची एक मर्यादा आहे. ती झाडासारखी असते. कोण कोणापासून जन्मला, एवढेच ती सांगते. दोन सख्ख्या भावांच्या नावांना जोडणारी रेघ तिच्यात कायमची काढलेली असते. त्या भावांनी एकमेकांशी बोलून सहा वर्षे झाली असली तरी ती रेघ पुसट होत नाही. शेजारीण, वर्गमैत्रीण, वडिलांच्या पाळीवरचे सोबती यांना तर त्या झाडावर जागाच नसते.

आता आपल्या हाती आलेल्या नव्या साधनांकडे वळू. २००४ साली ऑर्कुट हे संकेतस्थळ सुरू झाले. आपल्या देशात ते पुष्कळ लोकप्रिय झाले आणि २०१४ साली बंद पडले. फेसबुकही २००४ सालचेच. व्हॉट्सॲप २००९ सालचे. यांच्यामुळे दूरच्या माणसाशी बोलणे फार सोपे झाले, यात शंका नाही. आज कासारवाडीतील कित्येक घरांत ‘आपला परिवार’ अशासारख्या नावाचा एखादा समूह दूरध्वनीवर असतो. त्यात साठ-सत्तर नावे असतात. रोज पहाटे त्यावर फुलांची आणि उगवत्या सूर्याची चित्रे येतात. पण ती साठ नावे एकाखाली एक, सारख्या आकाराच्या अक्षरांत लिहिलेली असतात. त्या यादीकडे पाहून कोण कोणाजवळचा, कोणाचे कोणावाचून अडते, कोण गेल्या दिवाळीपासून एक अक्षरही बोललेला नाही, यांतले काहीच उमगत नाही. यादी माणसांची नावे सांगते. माणसांमधला धागा सांगत नाही.

धागा दिसावा यासाठी नकाशा लागतो. तो कसा असतो, हे कळण्यासाठी कासारवाडीच्या मेट्रो स्थानकावरील नकाशा पाहावा. २०२२ च्या मार्च महिन्यात पिंपरी ते फुगेवाडी या टप्प्यावर मेट्रो धावू लागली, तेव्हापासून कासारवाडीला हे दुसरे स्थानक लाभले आहे. त्या नकाशात नदी नाही, टेकडी नाही, रस्त्यांची वळणे नाहीत. दोन स्थानकांमध्ये प्रत्यक्षात किती अंतर आहे, याचीही तेथे पर्वा केलेली नसते. आहेत ती केवळ स्थानकांची वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. अशा तऱ्हेचा नकाशा लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक या आरेखकाने तयार केला आणि १९३३ साली तो लोकांच्या हाती पडला. जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. कोणते स्थानक कोणत्या स्थानकाला जोडलेले आहे, एवढे कळले म्हणजे त्याचे काम भागते, हे त्याने ओळखले होते.

पुण्याच्या नकाशात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पिंपरीकडून स्वारगेटकडे जाणारा एक मार्ग आणि वनाजहून रामवाडीकडे जाणारा दुसरा, हे दोन्ही जिल्हा न्यायालय या एकाच स्थानकावर एकमेकांस मिळतात. कल्पना करा की, ते एक स्थानक काही दिवस बंद ठेवले आहे. दोन्ही मार्गांवर गाड्या असतील, प्रवासी असतील. परंतु कासारवाडीहून निघालेला माणूस मेट्रोने वनाजला पोहोचू शकणार नाही. इतर कोणतेही स्थानक बंद पडले तर थोडी गैरसोय होईल. हे बंद पडले तर जाळ्याचे दोन तुकडे होतील. हे स्थानक लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते पुन्हा भेटावयाचे आहे, पण माणसाच्या रूपाने.

माणसांचा असा नकाशा काढण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत जेकब मोरेनो यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. हे मूळचे रुमानियातील वैद्य. व्हिएन्ना येथे शिकून १९२५ साली ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावी मुलींसाठी एक निवासी सुधारगृह होते. १९३२ च्या शरद ऋतूत तेथे एक चमत्कारिक प्रकार घडला. अवघ्या पंधरवड्यात १४ मुली पळून गेल्या. अधिकाऱ्यांना वाटले, या मुलीच हट्टी आणि बेशिस्त असाव्यात. मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी निराळा मार्ग धरला. सुधारगृहातील मुलींना त्यांनी विचारले, ‘तुम्हांला कोणाबरोबर राहावयास आवडेल?’ मिळालेली उत्तरे त्यांनी कागदावर मांडली. प्रत्येक मुलीसाठी एक वर्तुळ. एकीने दुसरीचे नाव घेतले असेल तर पहिलीकडून दुसरीकडे जाणारी रेघ. चित्र पुरे झाले तेव्हा असे दिसून आले की, पळून गेलेल्या मुली वेगवेगळ्या घरांत राहत असल्या, तरी त्यांतील पुष्कळ जणी मैत्रीच्या रेघांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. पळून जाण्याची कल्पना त्या रेघांवरून, एकीकडून दुसरीकडे अशी गेली होती.

मोरेनो यांनी आपली चित्रे १९३३ साली न्यूयॉर्क येथे वैद्यांच्या संमेलनात मांडली. त्यांनी शाळेतील वर्गांचीही अशीच चित्रे काढली. प्रत्येक वर्गात एखादे वर्तुळ असे आढळे की, त्याच्याकडे चोहोंकडून रेघा येत. त्याला त्यांनी तारा म्हटले. आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादे वर्तुळ असे असे की, त्याच्याकडे एकही रेघ येत नसे. तो मुलगा रोज शाळेत येत होता, बाकावर बसत होता, हजेरीपटावर त्याचे नाव होते. शिक्षकांनाही ते चित्र पाहीपर्यंत पुष्कळदा त्याचे एकाकीपण कळलेले नसे. (येथे एक सूचना करणे अवश्य आहे. आपल्या वर्गाचे असे चित्र काढून कोणी भिंतीवर लावू नये. ज्याच्याकडे एकही रेघ येत नाही, त्याला ते सर्वांसमक्ष दाखविणे हा निर्दयपणा होईल.)

वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. त्यांचे चित्र हाताने काढता येते. शेकडो माणसांचे काढावयाचे झाले तर रेघांचा नुसता गुंता होतो. या कामी संगणक उपयोगी पडतो, आणि तो हे कसे करतो ते ऐकण्यासारखे आहे. १९८४ साली पीटर ईड्स या शास्त्रज्ञाने एक सोपी युक्ती सुचविली. प्रत्येक माणूस म्हणजे एक लहानसे कडे आहे आणि दोन ओळखीची माणसे स्प्रिंगने जोडलेली आहेत, असे समजावयाचे. शिवाय प्रत्येक कडे ओळख नसलेल्या कड्याला थोडे दूर लोटते, असेही मानावयाचे. मग सारी कडी मोकळी सोडावयाची. स्प्रिंगा ओढतात, कडी एकमेकांना ढकलतात, आणि थोड्या वेळाने सारे आपापल्या जागी स्थिरावते. ज्यांची एकमेकांशी दाट ओळख आहे, ती माणसे कोणी न सांगता एका ठिकाणी गोळा होतात. माहेरची मंडळी एका झुबक्यात, सासरची दुसऱ्यात, कारखान्यातील सोबती तिसऱ्यात. आणि मध्ये, दोन झुबक्यांना धरून ठेवणारी, एखादीच व्यक्ती.

२००२ साली अमेरिकेत बॉनी नार्डी, स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांचे सहकारी यांनी या कल्पनेचा उपयोग रोजच्या व्यवहारासाठी करून पाहिला. माणसाच्या विद्युत्‌-टपालातून ज्यांची ज्यांची नावे सापडतील, त्यांतून त्याला महत्त्वाची वाटणारी माणसे निवडून ती पडद्यावर गटागटाने मांडावयाची, आणि कोणाला पत्र पाठवावयाचे राहिले आहे याची आठवणही तेथेच ठेवावयाची, अशी ती योजना होती. पेटीत नावे ढीगभर सापडत. माणूस ‘ही माझी’ म्हणून निवडी, ती त्यांतली थोडीच. पुढे २००५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेफ्री हीर आणि डॅना बॉइड यांनी फ्रेंडस्टर या संकेतस्थळावरील मैत्रीचे जाळे पडद्यावर दाखविणारे ‘विझ्स्टर’ नावाचे साधन तयार केले. एका मोठ्या मेजवानीच्या ठिकाणी त्यांनी ते मांडून ठेवले, तेव्हा पाहुणे पडद्याभोवती घोळका करून उभे राहिले, आपापली जागा शोधू लागले आणि ‘अरे, हा तुझ्या ओळखीचा कसा?’ असे विचारीत जुन्या गोष्टी सांगू लागले. चित्राने माणसांना बोलते केले. माझ्या मते त्या साधनाचे हेच खरे यश होते.

मात्र या परदेशी जाळ्यांत एक उणीव आहे, आणि ती मराठी माणसाच्या लगेच ध्यानात येते. तेथे प्रत्येक धाग्याचे नाव एकच: ‘मित्र’. आई मित्र, मावशी मित्र, प्रवासात एकदा भेटलेला गृहस्थही मित्र! आपल्या भाषेत आईची बहीण मावशी, वडिलांची बहीण आत्या, चुलत्याची बायको काकू, मामाची बायको मामी. हे शब्द केवळ हाक मारण्यासाठी नसतात. कोणी कोणाकडे हक्काने जावे, कोणी कोणाची थट्टा करावी, कोणाच्या लग्नात कोणाचा मान, हे त्यांत साठविलेले असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील असे नात्यांचे शब्द गोळा करून त्यांचा अभ्यास केला. त्यांचा यावरील इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा आपण नकाशा काढावयास बसलो, तर प्रत्येक रेघेवर तिचे खरे नाव लिहावयास हवे.

हा नकाशा वहीच्या कागदावरच काढावा. अशा बहुतेक संकेतस्थळांवर तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोण कोणाला ओळखतो आणि किती ओळखतो, ही माहिती मौल्यवान असते. आपण जेव्हा आपले जाळे एखाद्या कंपनीच्या यंत्रावर विणतो, तेव्हा त्याचा नकाशा त्या कंपनीजवळही तयार होतो, आणि तो तिला जाहिराती दाखविण्यासाठी हवा असतो. वहीतला नकाशा आपल्या घरातच राहतो.

समजा, कासारवाडीत राहणारी सातवीतील एक मुलगी असा नकाशा काढावयास बसली आहे. तिचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात कामाला आहेत. घर मूळचे लातूर जिल्ह्यातले. ती कागदाच्या मध्यभागी स्वतःचे वर्तुळ काढते आणि त्याभोवती एकाबाहेर एक अशी तीन मोठी वर्तुळे आखते. रॉबिन डनबार या इंग्रज शास्त्रज्ञाचे म्हणणे असे आहे की, माणसाला साधारण १५० माणसांशीच खरी ओळख राखता येते, आणि त्यांतही अगदी जिवाभावाची माणसे पाचच्या आसपास असतात. हा आकडा सर्वच शास्त्रज्ञांना मान्य नाही. पण जवळच्यांना आतल्या वर्तुळात आणि लांबच्यांना बाहेर ठेवावे, एवढी कल्पना त्यातून घेण्यास हरकत नाही. मग ती रेघा काढते. ज्यांच्याशी रोज बोलणे होते त्यांची रेघ ठळक. महिन्या-दोन महिन्यांनी होते त्यांची बारीक. सहा महिन्यांत एकदाही झाले नाही, त्यांची तुटक. माणसांच्या आपापसांतील रेघाही ती काढते, कारण त्यांच्यावाचून जाळे होत नाही.

पहिले आश्चर्य तिला मैत्रिणीचे वाटते. गेल्या वर्षी वडिलांची बदली झाल्यामुळे ती मैत्रीण चाकणला राहावयास गेली. आईच्या दूरध्वनीवर तिच्या घरची छायाचित्रे अधूनमधून येतात आणि ही मुलगी त्यांवर हृदयाचे चिन्ह उमटविते. तिला वाटत होते, आपली मैत्री तशीच आहे. पण ‘शेवटचे बोलणे कधी झाले?’ हा प्रश्न स्वतःला विचारून रेघ काढावयाची ठरल्यावर हात थांबतो. चिन्ह पाठविणे म्हणजे बोलणे नव्हे. रेघ तुटक काढावी लागते.

दुसरी गोष्ट नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात दिसते. तेथे गावाकडच्या माणसांचा मोठा झुबका आहे. दोन आत्या, चुलत चुलते, त्यांची मुले, औशाला दिलेली चुलतबहीण, शेजारच्या वाड्यातील म्हातारे गृहस्थ. त्या सर्वांच्या रेघा एकमेकांत दाट गुंतल्या आहेत. पण त्या झुबक्यापासून कासारवाडीच्या घराकडे येणारी ठळक रेघ एकच आहे, आणि ती आजीपाशी येते. आजीला लिहिता येत नाही. पण कोणाच्या घरी बारसे आहे, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाचे बी उगवले नाही, हे सारे तिला कळत असते. गावाकडून दूरध्वनी येतो तो आजीसाठी. आजी ऐकते आणि जेवताना सर्वांना सांगते. वडिलांना वाटते, आपला गावाशी संबंध आहे. तो आहे, पण आजीच्या मार्गाने.

मघाशी पाहिलेले जिल्हा न्यायालयाचे स्थानक ते हेच. आजी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे.

ही मुलगी नकाशा घेऊन आजीजवळ जाते. आजी चष्मा लावून वर्तुळे पाहते आणि पहिल्या झटक्यास चार चुका काढते. ‘ही तुझी आत्या नव्हे, ही तुझ्या आजोबांची आत्या. आणि हिच्या थोरल्या मुलाला तू कोठे ठेवलेस? तो तर नाशकाला असतो.’ एका दुपारी सतरा नवी वर्तुळे वाढतात. प्रत्येकाजवळ मुलगी आजीच्या सांगण्यावरून नाते, गाव आणि एखादी खूण लिहिते; दूरध्वनीचा क्रमांक मिळाल्यास तोही. त्यानंतर दर रविवारी आजीचे बोलणे संपले की दूरध्वनी ती आपल्या हातात घेते. पहिल्या वेळी पलीकडून ‘कोण गं तू?’ असा प्रश्न येतो आणि पुढे काय बोलावे हे दोघींनाही सुचत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी आत्या तिला परीक्षेचे विचारते. नकाशात आजीला वळसा घालून जाणारी एक बारीक रेघ उमटते, मग दुसरी. सगळ्या सतरा वर्तुळांपर्यंत काही रेघा जात नाहीत, आणि त्या जाव्यात अशी अपेक्षाही करू नये. कोणाला दूरध्वनीवर बोलणे आवडत नाही; कोणाशी वडिलांचे जुने बिनसलेले असते, आणि त्या रेघेबद्दल मुलांनी वडिलांना विचारल्याखेरीज काही करू नये.

नकाशाच्या कोपऱ्यात काढल्याची तारीख घालावी. तारखेवाचून तो निरुपयोगी आहे. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत दुसरा काढावा. त्या वेळी जुना कागद फाडून टाकू नये. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोणती रेघ या वर्षात ठळक झाली, कोणती पुसट झाली, कोणते वर्तुळ नवे आले, हे दिसते. कासारवाडीच्या त्या मुलीच्या दुसऱ्या नकाशात चाकणच्या मैत्रिणीची रेघ तुटक असेल की सलग, हे आपण सांगू शकत नाही. लोकल गाडी चाकणला जात नाही. नाशिक फाट्यावरून बस धरावी लागते, आणि त्यासाठी आईला एक रविवार मोकळा असावा लागतो.